सहासष्टवर धरलेलं पाणी

दुकानात कुणी टेंपरेचर कंट्रोलर मागायला आलं की मी तो आधी टेबलावर जोडतो, हीटरच्या जागी एक साधा बल्ब लावतो आणि गिऱ्हाइकासमोरच सेन्सरची वायर उपटतो. बल्ब विझला तर तो कंट्रोलर द्यायचा. पेटलेलाच राहिला तर परत खोक्यात. शिरूरच्या बाजारपेठेत माझं इलेक्ट्रिकल दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. कंट्रोलर मागायला येणारी माणसं बहुतेक अंडी उबवणारी, नाहीतर घरच्या हीटरचं काही जुगाड करणारी. त्यांना माझी ही परीक्षा विचित्र वाटते. ही खोड मला कोळपे आप्पांनी लावली. आप्पा आता नाहीत.

तुकाराम कोळपे मूळचे निमोण्याचे. वडील मेंढरं घेऊन दरसाल कोकणात उतरायचे. आप्पांच्या वाट्याला ती पायपीट लहानपणीच आली आणि लहानपणीच संपली, पण चाल मात्र राहिली. उंच माणूस, पाठीत जरा वाकलेला, पावलं लांब आणि सावकाश, जणू पुढं काहीतरी हाकत चालला आहे. नगर रस्त्याला तेव्हा बिअरचा एक कारखाना होता, तिथं आम्ही बरोबर होतो. मी देखभालीला इलेक्ट्रिशियन आणि ते मॅशिंगला. मॅशिंग म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, म्हणजे माल्टचं पीठ गरम पाण्यात कालवायचं आणि तसंच धरून ठेवायचं. पाणी पासष्ट ते अडुसष्ट अंशांच्या मध्ये राहिलं की तास-दीड तासात त्या पिठाची आपोआप साखर होते आणि खाली मधासारखं गोड पाणी उतरतं. पाणी त्याच्या फार वर गेलं की माल्टमधली साखर करणारी ताकद मरते आणि हातात उरते ती खळ. त्या गोड पाण्यात पुढं यीस्ट पडलं की बिअर. आप्पांनी उभ्या जन्मात बिअर तोंडाला लावली नव्हती. गोड पाणी पुढच्या टाकीत गेलं की ते व्हॉल्व्ह बंद करून म्हणायचे, “हितपातूर बाळाचं औषध. म्होरं पोलिसाचं काम.”

माणसांना ते नावानं हाक मारत नसत, खात्यानं मारत. मी ‘इलेक्ट्रिकल’. कँटीनवाला ‘कँटीन’. मॅनेजर समोर नसले की ‘वरचा मजला’. पंप सुरू होताना अडखळला तर त्याच्याकडं बघून ओठ मुडपून मेंढरांना घालतात तशी साद घालायचे आणि पंप चालू झाला की माझ्याकडं बघायचे. थंडीच्या दिवसांत सकाळच्या पाळीला ते आम्हाला स्टीलच्या पेल्यांतून ते गोड पाणी द्यायचे. वाफ तोंडावर घेत, उभ्याउभ्या आम्ही ते प्यायचो. त्यांचं स्वतःचं जेवणही उभ्यानंच व्हायचं. बसून जेवलं की मेंढरं पांगतात, असं त्यांचं म्हणणं.

यंत्रावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. चहा असो की टाकीतलं पाणी, वाफेवर तळहात धरून ते आकडा सांगायचे, तोही अशा थाटात की समोरच्यानं तापमापी खिशात घालावी. आकडा बहुतेक वेळा चुकायचा. मी मोजून दाखवलं की म्हणायचे, “तुझा काटा थकलाय.” एका पाळीला त्यांनी पॅनेलवरचा कंट्रोलर बंद केला आणि वाफेच्या अंदाजानं गरम पाणी सोडलं. सगळा घाणा गेला. माल्टच्या पाण्यात साखर झाली का बघायला त्यात आयोडीनचा थेंब टाकतात. थेंब तपकिरी राहिला तर झालं, काळानिळा पडला तर पीठ तसंच आहे. त्या दिवशी थेंब शाईसारखा काळा पडला. मॅनेजरनं चौकशी मांडली. पॅनेल माझ्या ताब्यातलं, तेव्हा सगळे माझ्याकडं बघत होते. आप्पा मागून पुढं आले आणि म्हणाले, “कंट्रोलर चांगला व्हता साहेब. मी वाईट व्हतो.” आठवडाभर त्यांना घरी बसवलं. परत आले तेव्हा त्यांनी ती गोष्ट काढली नाही, मीही काढली नाही. पण आमची ओळख त्या दिवशी झाली असं मी धरतो.

पुढं कारखाना बंद पडला. मी दुकान टाकलं, आप्पा निमोण्याला शेतीवर गेले. बाजारच्या दिवशी यायचे, खुर्ची रिकामी असली तरी दाराला टेकून उभे राहायचे, ‘वरचा मजला’ आता कुठं नोकरीला आहे ते विचारायचे आणि जायचे.

मग बरेच दिवस आले नाहीत. आले ते भर दुपारी. नेहमीसारखे टेकलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “इलेक्ट्रिकल, मला पाणी सहासष्टवर धरून ठेवायचंय. घरी. मी तिथं उभा नसलो तरी ते तिथंच ऱ्हायलं पायजे.”

मला हसू आलं. म्हटलं, आप्पा, म्हातारपणी घरात बिअर गाळायला लागलात की काय. ते हसले नाहीत. काउंटरवरचा एक स्क्रू उचलून तो बोटांत फिरवत राहिले. मग सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. त्यांच्या बायकोच्या, सुलोचनावहिनींच्या अन्ननलिकेत गाठ निघाली होती. पुण्याला रेडिएशन चालू होतं, आमच्याकडं त्याला लाइट घेणं म्हणतात. रोज जावं लागायचं म्हणून दोघं निमोणं सोडून वहिनींच्या भावाकडं, दौंडला येऊन राहिली होती. तिथून पुण्याला गाडीनं जाणं सोपं. आता घशाला आतून भाजल्यासारखं झालं होतं. दूध उलटत होतं, डॉक्टरांनी दिलेल्या पावडरी उलटत होत्या, पेजेनं आग होत होती. नाकातून नळी घातली होती, ती त्यांनी दोनदा ओढून काढली. भाऊ समजावायला गेला तर म्हणाल्या, मी काय ठिबकवरचा ऊस हाय का. डॉक्टरांनी आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की वजन असंच उतरत गेलं तर लाइट मध्येच थांबवावे लागतील, आणि मध्येच थांबवले तर केलेलं सगळं वाया जाईल.

त्यातच एके दिवशी वहिनींनी स्वतःहून काहीतरी मागितलं होतं. लग्नानंतर नवीन नवीन आप्पा थर्मासमधून कारखान्यातलं ते गोड पाणी घरी न्यायचे. तसलं काही असलं तर बघा, असं त्या म्हणाल्या. आप्पांनी बार्ली भिजवली, मोड आणले, गच्चीवर वाळवली, पाट्यावर भरडली आणि गॅसवर पाणी ठेवून एक घाणा जमवला. उकळून, गाळून, गार करून दिला. वहिनी वाटीभर प्यायल्या आणि ते आत राहिलं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, उकळलेलं असेल तर चालेल, नुसत्या त्यावर राहू नका, पण जे जाईल ते जाऊ द्या.

त्यानंतरचे घाणे मात्र बिघडत गेले. गॅसवर पाणी एका जागी थांबत नाही. दीड तास हातात तापमापी धरून उभं राहायचं, तर तिकडं वहिनींना उलटी यायची, कुणीतरी डोकं धरायला पाहिजे. परत येईपर्यंत इकडं पाणी पंचाहत्तरला गेलेलं आणि पातेल्यात खळ. आप्पा म्हणाले, “दोन्हीकडं एका टायमाला उभं ऱ्हाता येत न्हाई रं.” एवढं बोलताना तो स्क्रू त्यांच्या हातातून खाली पडला. तो त्यांनी उचललाही नाही.

मी गिझरचा एक चांगला थर्मोस्टॅट दिला. पत्र्याच्या पिंपात पाणी, त्यात हीटरची कॉइल, आणि त्या पाण्यात माल्टचं स्टीलचं पातेलं सोडायचं म्हणजे पीठ करपत नाही, अशी मांडणी दौंडला जाऊन करून दिली. गिझरचा थर्मोस्टॅट आंघोळीच्या पाण्यासाठी असतो. तो सत्तरला बंद व्हायचा आणि पाणी पार अठ्ठावन्नला उतरेपर्यंत चालू व्हायचा नाही. गोडी कधी आली, कधी नाही आली. मग आप्पांनी न्हावऱ्याच्या एका अंडी उबवणाऱ्याकडून लहानसं डिजिटल बोर्ड आणलं. हिरवे आकडे, दोन बटणं. मी म्हटलं, हे मशिनीतल्या बल्बासाठी आहे, एवढा मोठा हीटर त्याला झेपायचा नाही. पण ते त्यांनी आधीच जोडलं होतं आणि आकडे छान दिसत होते. चार दिवस ते झकास चाललंही. वहिनी वाटी दोन्ही हातांत धरून प्यायल्या, असं आप्पांनी फोनवर सांगितलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

पाचव्या की सहाव्या दिवशी दुपारी दिगंबरभाऊंचा, म्हणजे वहिनींच्या भावाचा फोन आला. रेल्वेतून निवृत्त झालेला शांत माणूस, पण तेव्हा नुसतंच ‘या, या’ म्हणत होता. मी मोटारसायकल काढली. न्हावरा, चौफुला मागं टाकत दौंडला पोचेपर्यंत मनात काय काय आलं ते सांगत नाही.

घडलं होतं ते असं. पुण्याहून आल्याबरोबर आप्पांनी घाणा लावला. वहिनींना उलटी सुरू झाली म्हणून आत गेले. बोर्डाच्या आतला रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा खटका, चिकटून बसला. बोर्डावरचा दिवा सांगत होता की हीटर बंद, आणि हीटर चालूच. पाणी उकळलं, आटलं, कॉइल उघडी पडून लाल झाली. वास आला तेव्हा आप्पा पळत आले आणि बटण बंद करायचं सोडून त्यांनी पातेलंच उचललं. उजवा हात मनगटापासून भाजला.

मी गेलो तेव्हा अंगणात ते उकिडवे बसले होते. उजवा हात बादलीतल्या पाण्यात आणि डाव्या हातानं ते पातेल्याच्या तळाची खळ खरवडून एका फडक्यात घालत होते. वर पाणी ओतायचे, पिळायचे, खाली पडणारे पांढुरके थेंब वाटीत धरायचे. मी म्हटलं, आप्पा, ते राहू द्या, आधी दवाखान्यात चला. ते म्हणाले, “थोडं तरी निघंल.” दारात बाजेवर वहिनी बसल्या होत्या, तोंडाला टॉवेल. सगळं बघत होत्या. आप्पांनी वाटी नेली. वहिनींनी एक चमचा तोंडात घेतला तो केवळ नवऱ्याकडं बघून घेतला, हे मला उंबऱ्याबाहेरूनही दिसत होतं. तो तसाच बाहेर आला. दिगंबरभाऊ हळूच म्हणाले, दाजी, आता नळी घालूया. वहिनींनी मान हलवली. नाही.

मलमपट्टी करून आणल्यावर मला आप्पांनी घरामागं बोलावलं. धुण्याच्या दगडाशी उभे राहिले, भिंतीकडं तोंड करून.

“इलेक्ट्रिकल, कारखान्यात घाणा बिघडला तर गटारीत सोडायचो. दुसऱ्या दिशी दुसरा. हितं मानूस गटारीत चाललंय.” मग म्हणाले, “सोमवारी वजन हाय तिचं.”

दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्याबरोबर पुण्याला गेलो. वहिनींना आत घेतलं, बाहेर दिगंबरभाऊ बसले आणि आम्ही दोघं पेठेतल्या इलेक्ट्रिकल मालाच्या गल्लीत शिरलो. एका दुकानात साठीच्या बाई गल्ल्यावर होत्या, चष्मा साखळीला अडकवलेला. आप्पांनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाले, पाणी सहासष्टवर धरणारं पाहिजे. बाईंनी हीटर केवढा विचारलं, पिंप केवढं विचारलं, मग विचारलं, “हॉटेलसाठी का?”

“बायकूसाठी,” आप्पा म्हणाले.

बाईंनी त्यांच्या पट्टी बांधलेल्या हाताकडं बघितलं. आतून दोन प्रकारचे कंट्रोलर आणवले. दोन्ही नुसते चालू-बंद करणारे नव्हते. पाणी ठरलेल्या आकड्याजवळ यायला लागलं की आधीपासूनच हीटरचा जोर कमी कमी करत नेणारे होते. दोन्ही दिसायला सारखे. मी माहितीपत्रक वाचायला लागलो तर आप्पांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

“ते ऱ्हाऊ द्या. मला बघायचंय, बिघडल्यावर ह्यो काय करतो.”

बाईंना ते पटलं. त्यांनी हीटरऐवजी बल्ब लावून पहिला कंट्रोलर जोडून दिला. आप्पांनी डाव्या हातानं सेन्सरची वायर उपटली. आकडे भलतेच काहीतरी दाखवायला लागले आणि बल्ब जळतच राहिला. पाणी किती तापलंय हे कळत नसताना तो तापवतच राहिला असता. आप्पा त्याच्याकडं बघत राहिले, जसे कारखान्यात एखाद्या कामचुकार पोराकडं बघायचे. दुसरा जोडला. वायर उपटल्याबरोबर आकड्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा आल्या आणि बल्ब विझला. त्यांनी तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा विझला.

“ह्याला आपल्याला कळंना झालंय हे कळतं,” ते म्हणाले. “ह्यो द्या.”

मग त्यांनी बाईंना विचारलं, आणि हाच आतून चिकटला तर, त्या बोर्डासारखा? बाई सरळ म्हणाल्या की चिकटू शकतो. कुठलाही चिकटू शकतो. म्हणून ह्याच्या पुढं एक वेगळा कटआउट टाका, ऐंशीला तुटणारा, ह्याला न विचारता हीटर बंद करणारा. आप्पांनी मान डोलावली. मेंढरामागं एकलं कुत्रं कवाच सोडत न्हाईत, एवढं म्हणाले, आणि घड्याळाकडं बघून जवळजवळ पळतच निघाले. वहिनींचा नंबर होऊन गेला असता.

त्याच दिवशी दौंडला जाऊन मी ते जोडलं. नवीन कंट्रोलर पहिल्यांदा लावला की पिंप किती, हीटर केवढा, पाणी किती वेळात तापतं हे तो स्वतः शिकून घेतो. शिकताना पाणी एकदोनदा वरखाली जातंच. हे मी आप्पांना आधी सांगून ठेवलं होतं, पण आकडा एकाहत्तरला गेल्यावर त्यांचा हात बटणाकडं गेला. मी त्यांचं डावं मनगट धरलं. आकडा खाली आला, पुन्हा थोडा चढला, पुन्हा खाली आला. मग सहासष्ट, आणि सहासष्टच. आप्पा ओट्याशी जमिनीवर बसले. त्यांना असं अंग टाकून बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

त्यांनी घाणा लावला आणि आत वहिनींकडं गेले. मध्ये बाहेर आले नाहीत. दीड तासानं पांढऱ्या बशीत थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाकलं. तपकिरी. उकळलं, गाळलं, गार केलं. वहिनींनी वाटी तोंडाला लावली. आम्ही तिघं पुरुष भिंतीला टेकून उभे होतो. त्या अर्धी वाटी प्यायल्या, थांबल्या, उरलेली प्यायल्या.

“ग्वाड झालंय,” त्या म्हणाल्या.

आप्पा अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

हे वाचून वाटेल की इथून पुढं सगळं सुरळीत झालं. तसं काही नाही. सोमवारी वजन उतरलेलंच निघालं, फक्त भीती होती तेवढं नाही. डॉक्टरांनी लाइट चालू ठेवले. पुढचे आठवडे मी मधूनमधून जात होतो, आणि दर वेळी वहिनी आधीपेक्षा बारीक झालेल्या असायच्या. वीज जायची तेव्हा आप्पा पिंपाभोवती वडिलांचं घोंगडं गुंडाळायचे आणि वीज येईपर्यंत त्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहायचे, आजारी जनावराजवळ उभं राहावं तसे. त्यांची स्वतःची दाढी वाढली होती, चप्पल पायात सैल झाली होती. काय खाता, विचारलं की म्हणायचे, हिचं झालं की बघू.

एके दिवशी मी तिथं असताना वहिनींनी वाटी हातानं बाजूला सारली. भांडण नाही, चिडणं नाही. शांतपणे म्हणाल्या, “अवो, आता पुरं करा. मला जाऊ द्या.”

मला वाटलं आप्पा रडतील, विनवण्या करतील, सासरी असलेल्या लेकीचं नाव काढतील. ते वहिनींच्या पायाशी बसून पाय चेपत होते, ते चेपतच राहिले.

“बरं,” म्हणाले. “पर आत्ताच घाणा लावलाय. तेवढा व्हऊ दे.”

वहिनींनी डोळे मिटले. दीड तासानं तो घाणा उतरला आणि त्या चार चमचे प्यायल्या. नंतर दिगंबरभाऊंनी मला सांगितलं की हे काही त्या एका दिवसाचं नव्हतं. वहिनी जवळजवळ रोजच तसं म्हणायच्या आणि आप्पा रोज तेच उत्तर द्यायचे. बरं म्हणायचे. नाही कधीच म्हणायचे नाहीत. फक्त घाणा लावलेला असायचा. एकदा तर भाऊंनी स्वयंपाकघरात जाऊन बघितलं तेव्हा पिंप गार होतं, काहीच लावलेलं नव्हतं. आप्पा मागोमाग आले, गुपचूप बटण दाबलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

लाइट पुरे झाले. त्यानंतरचे महिने मी ऐकून सांगतो. आधी घसा आणखी बिघडला, मग हळूहळू ओसरला. पाणी जायला लागलं, मग पातळ भात, मग दुधात कुस्करलेली भाकरी. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी गाठ दिसत नाही म्हणून सांगितलं आणि तपासणीला येत राहा म्हणूनही सांगितलं. पहिलं वाक्य वहिनींनी ऐकलं. आप्पांनी बहुतेक दुसरंच ऐकलं असावं, कारण ते निमोण्याला परत आल्यावरही रोज घाणा लावत राहिले. पिंप, कॉइल, कंट्रोलर, सगळं त्यांनी टेम्पोतून गावी आणलं होतं.

मग एके दिवशी ते सगळं घेऊन माझ्या दुकानात आले. कंट्रोलर काउंटरवर ठेवला, वायरी नीट गुंडाळलेल्या. मी विचारलं, बिघडला का? म्हणाले, न्हाई. वाटी नेली तर सुलीनं पदर नाकाला लावला. म्हणाली, ह्याचा वास आला की मला ते दिस आठवत्यात, हे घरातनं काढा. म्हणून काढलं. कुणाला लागला तर दे.

हे सांगताना ते रागावलेले नव्हते, दुखावलेलेही नव्हते. पण आता काय करायचं हे त्यांना कळत नाही, एवढं दिसत होतं. वहिनी स्वतः चूल बघत होत्या, शेतावर जात होत्या, शेजारणींशी बोलत होत्या. आप्पा मात्र ओसरीवर उभे राहून घरात काही पडल्याचा, खोकल्याचा आवाज येतो का ते ऐकत राहायचे. खोकला आला की हातातलं टाकून आत जायचे. वहिनी हसायच्या. म्हणायच्या, ठसका लागलाय, मरत न्हाई.

ते गेले ते सकाळी, शेताच्या बांधावर. छातीत दुखतंय असं कुणाला म्हणायलाही वेळ मिळाला नाही. मला फोन वहिनींनीच केला. आवाज स्थिर होता. म्हणाल्या, भाऊजी, तुमचे आप्पा गेले. आणि मग, समोर कुणी नसताना बोलावं तसं, “माझ्याकडंच बघत बसले. त्यांच्याकडं कुणी बघितलंच न्हाई.”

त्याआधी थोडेच दिवस मी त्यांना बघितलं होतं. दौंड स्टेशनवर. मी मोटारीचे सुटे भाग सोडवायला गेलो होतो. ती दोघं पुण्याला तपासणीला निघालेली, गाडीला वेळ होता. फलाटावरच्या बाकावर वहिनी बसल्या होत्या आणि मांडीवर फडकं पसरून भाकरी आणि खर्डा खात होत्या. मिरचीचा खर्डा. आप्पा समोर उभे होते. मला त्यांनी बघितलं नाही, कुणालाच बघत नव्हते. मी हाक मारणार होतो, पण थांबलो.

वहिनी घास मोडत होत्या, चावत होत्या, मध्येच कुठल्यातरी लग्नाचं काहीतरी सांगत होत्या. आप्पांची नजर त्यांच्या गळ्यावर होती. घास खाली उतरेपर्यंत ते श्वास घेत नव्हते. त्यांच्या हातात काही नव्हतं, तोंडात काही नव्हतं, पण वहिनींनी घास गिळला की त्यांचाही गळा तसाच वर जाऊन खाली यायचा. दर घासाला. गाडी आली, माणसं उठली, धावपळ झाली, तरी ते तिथंच उभे होते, शेवटचा तुकडा उतरायची वाट बघत.